सापडल्याचं ठिकाण

किड्याच्या मागच्या उजव्या पायाला एक निळा तंतू गुंडाळलेला होता. गुणवंतीला आधी तो पायाचाच केस वाटला. या जातीच्या पायांवर केस असतातच, काळे, आखूड, तिरपे, आणि चित्र काढताना त्यातला एकही सोडायचा नाही अशी मृणालिनीबाईंची ताकीद होती. पण निळा केस? तिनं सूक्ष्मदर्शकाचं चाक किंचित फिरवलं तसा तंतू स्वच्छ दिसायला लागला. चपटा, फितीसारखा, मध्ये मध्ये पीळ पडलेला. कापसाचा तंतू, आणि तोही रंगवलेल्या कापसाचा. हा ओळखायला तिला एम.एस्सी. करायची गरज नव्हती. रंगीत सुताच्या साच्यांवर, गिरणीतल्या मागांवर, पाळी करून बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर, छातीच्या केसांत हाच निळा कोंडा बसलेला असायचा. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून तो चिमटीनं वेचायची आणि बाबा मान वाकडी करून म्हणायचे, अजून हाय बघ, मानेवर हाय. गिरण्यांचा संप सुरू झाला त्याला तेरा महिने झाले. तेरा महिन्यांत तो निळा रंग तिनं त्यांच्या अंगावर पाहिला नव्हता. आणि किडा तर शिवडीचा होता. टाचणीवर किड्याच्या खाली तिच्याच अक्षरातली नखाएवढी चिठ्ठी होती. शिवडी, मुंबई. १२ ऑक्टोबर १९८२. गोळा करणारा, धोंडू भिवा गोताड. तिचे वडील. तिनं भिंगावरून डोळा काढला नाही. डोळा काढला असता तर प्रयोगशाळा दिसली असती, खिडकीतून गिरगावचा रस्ता दिसला असता, आणि जे कळलं होतं ते कळलंय हे मान्य करावं लागलं असतं.

किडा साडेतीन मिलिमीटरचा. फिकट हिरवा, पंखाच्या कडेला एक विटकरी त्रिकोण, मिशीचं दुसरं पेर सगळ्यांत लांब. झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा रस पिणारा ढेकूण. बाबांनी काडेपेटीत असे पाच आणले होते, तीन नर, दोन माद्या. मृणालिनीबाईंनी कलकत्त्याहून आणि लंडनहून लेख मागवले, एका नराचं शेपटाकडचं टोक पोटॅशच्या द्रावणात उकळून त्याच्या आतले आकड्यांसारखे अवयव तपासले, चार महिने काही बोलल्या नाहीत, आणि मग एका दुपारी चष्मा काढून म्हणाल्या, ही जात जगात कुणी नोंदवलेली नाही. चाळीत हसून हसून मुरकुंडी वळली. ढेकणाचा शोध लावलास? आमच्या गादीत ये की बाय, पाच काय पाचशे देतो. गुणवंतीही हसली होती. बाई म्हणाल्या होत्या, ज्यांनी शोधला त्यांचंच नाव जातीला देऊ, तुझ्या वडिलांचं. ते तिनं जेवताना घरात सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. "नको गो. माझं नाव कशाला त्याला," म्हणाले, आणि पानावरून उठले. किती साधा माणूस, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. कॉलेजात चार जणींना तिनं ते अभिमानानं सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. आता ते आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मृणालिनीबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. गिरगावात जन्म गेलेला, बोलणं मात्र छापल्यासारखं. त्यांनी तिला बाजूला सरायची खूण केली आणि भिंगातून पाहिलं. "कापूस अडकलाय कुठला तरी. ब्रशनं काढ आणि चित्र पुरं कर. यजमान झाडाचं, किडा ज्यावर जगतो त्याचं, काय झालं?" गुणवंती म्हणाली, दोनदा जाऊन आले शिवडीला. गेली होतीच ती. गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं खारफुटीची पानं उलटीपालटी केली होती, गोदामांच्या भिंतींलगतची झुडपं छत्री उलटी धरून झोडपली होती. मुंग्या पडल्या, कोळी पडले, हा नाही पडला. "मग वडिलांना बरोबर घेऊन जा," बाई म्हणाल्या. "ठिकाण चुकलं तर बाकीचं कितीही अचूक असून उपयोग नाही, गुणवंती. पुढं पन्नास वर्षं माणसं शिवडीच्या चिखलात शोधत बसतील, आणि म्हणतील, बाई खोटं बोलल्या. गोळा करणाऱ्याचं नावही तसंच. ज्यानं हातानं धरला त्याचंच नाव, दुसऱ्या कुणाचं नाही. सोमवारी लेख पाठवायचाय." दारापर्यंत गेल्या आणि थांबून म्हणाल्या, "वडील घरीच असतील ना सध्या? अजून चालू आहे का तो संप?"

अजून चालू आहे का. दूध येतंय का अजून, तसं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिरगावातून लालबाग किती लांब आहे, बाई? एक बस. पण बाईंवर रागवायची सुद्धा तिला धड सोय नव्हती, कारण ठिकाणाचं जे त्या बोलल्या ते बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे तिच्याइतकं आत्ता कुणालाच कळत नव्हतं. तिनं सुईच्या टोकानं तंतू सोडवला. तो बोटाला चिकटला. झटकला तरी जाईना.

गणपतीपासून बाबा शिवडीला जात होते. सकाळी सहाला डबा घेऊन निघायचे. बंदरावरच्या गोदामात हमाली मिळाली म्हणाले होते. रघू, तिचा भाऊ, संपाच्या कमिटीत. दोघे बापलेक पद्मनाभ मिलमध्येच साच्यांवर, आणि संप मोडून आत जाणाऱ्यांची नावं कमिटी गेटवर फळ्यावर लिहायची. रघूनं बापाच्या पाठीवर हात ठेवून चाळीत सांगितलं होतं, माझ्या बापानं साठाव्या वर्षी पोती उचलली पण गेटच्या आत पाय ठेवला नाय. संध्याकाळी बाबा परत यायचे ते न्हाऊन, केस ओले विंचरून. पोती वाहणारा माणूस केस विंचरून घरी येतो कसा, हे तिला सहा महिन्यांत एकदाही सुचलं नाही. जिला साडेतीन मिलिमीटरच्या किड्याच्या पायावरचे केस मोजता येतात तिला. बसमध्ये दांड्याला धरून उभी असताना ती मनातल्या मनात तारखा लावत होती, आणि प्रत्येक तारीख लागली की आणखी पेटत होती. बारा ऑक्टोबर. दत्तूकाका सापडले ते दिवाळीत, नोव्हेंबरात. म्हणजे दत्तूकाकांच्या आधी.

दत्तूकाका शेवटून दुसऱ्या खोलीतले. बाबांचे जोडीदार, दोघांचे साचे समोरासमोर. दिवाळीच्या पहिल्या दिवशी भर दुपारी ते पद्मनाभच्या मागच्या गेटातून बाहेर पडताना कमिटीच्या पोरांनी पाहिले. बकुळा, त्यांची मुलगी, तापानं फणफणली होती. आत कुणीतरी निरोप दिला आणि ते तसेच चालत निघाले, साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत. रघूनं त्यांना गॅलरीत उभं करून विचारलं, आणखी कोण कोण हाय आत? दत्तूकाका म्हणाले, मी एकटाच. पोरांनी त्यांच्या दाराला डांबर फासलं. पहिला हात रघूचा होता. गुणवंती बघत होती आणि तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. बकुळा तिची मैत्रीण, एका बाकावरची. छत्रीत पडलेले किडे बाटलीत भरायला तिनंच गुणवंतीच्या मागं मागं रानं तुडवली होती. त्या दिवसापासून गुणवंती नळावर तिच्या शेजारी उभी राहिली नाही. संक्रांतीला आईनं केलेला तिळगूळ घेऊन ती गॅलरीभर फिरली, सतरा खोल्या, आणि डांबर लागलेल्या दारासमोरून ताट घेऊन सरळ पुढं गेली. दार उघडं होतं. बकुळा आत तांदूळ निवडत बसली होती आणि तिनं मान वर केली होती, हात पुढं करायचा की नाही या विचारात. गुणवंतीनं ते पाहिलं होतं. पाहून पुढं गेली होती. आपण गोड बोलणार नाही म्हणजे नाही, याची तिला तेव्हा काय ऐट वाटली होती. ती ऐट आता तिच्या घशाशी आली. लालबागला उतरायच्या ऐवजी ती एक थांबा पुढं गेली आणि मागं चालत आली, कारण तसंच्या तसं घरात शिरली असती तर भांडी फेकली असती.

बाबा आलेले होते. ओले केस, अंगात धुवट बनियन, हातात चहाची बशी. आई स्टोव्हपुढं भाकरी थापत होती. रघू घरात नव्हता, गॅलरीच्या टोकाला नळावर नंबर लावून उभा होता, हे बरंच झालं.

"बाबा, किडा कुठं धरलात?"

"शिवडीला. सांगितलं ना तुला."

"कुठल्या झाडावर?"

"झुडूप होतं गो कायतरी. मला काय नावं ठाऊक."

"त्याच्या पायाला निळा कोंडा हाय."

बाबांनी बशी खाली ठेवली. आईचा हात परातीत थांबला, आणि ती वळूनही न बघता म्हणाली, "हळू बोल." हळू बोल. म्हणजे आईलाही माहीत होतं. घरात दोघांना माहीत होतं आणि दोघांना नव्हतं, आणि ते दोघं गेले सहा महिने चाळीभर छाती काढून फिरत होते. गुणवंतीला ओरडायचं होतं; आवाज मात्र इतका बारीक निघाला की तिचा तिलाच परका वाटला. "तुला ठाऊक होतं, आये?" आईनं भाकरी तव्यावर टाकली. "सात म्हयने मी लोकांकडं भांडी घासली," ती म्हणाली. "तुमास्नी सांगायची, भजनाला जाते. तुमी दोघं मानायचात. दुपारी दोनला कुठलं भजन असतं, हे कुणी विचारलं नाय."

बाबा बोलायला लागले ते जमिनीकडे बघून. शिवडीला जातो हे खोटं नव्हतं, म्हणाले. शिवडी नाक्यावर गिरणीची बंद गाडी यायची, पडदे लावलेली. तिथनं आत. संध्याकाळी आतच आंघोळ करायची, कोंडा धुवायचा, पुन्हा शिवडीला उतरायचं, तिथनं चालत घरी. हे ते असं सांगत होते की जणू एखाद्या कामाची रीत समजावून देतायत, आणि गुणवंतीला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला. त्या शिवडीच्या एका खऱ्या शब्दाचा. संपूर्ण खोटं बोलले असते तरी परवडलं असतं.

"आणि किडा?"

"कापसाच्या गोदामाच्या मागं. झाडलोट करायला आता हाय कोण? सरकी पडून कपाशीची रोपं आलीत तिथं, कमरेएवढी. बोंडं पण धरलीत. दुपारच्याला आमी तिथंच बसायचो जेवायला."

"आम्ही?"

बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मी नि दत्तू," ते म्हणाले. "एकट्याला भ्या वाटत होतं गो. मीच नेला त्याला. त्याच्या बकुळानं त्याला सांगितलेलं, गुणाला असले बारके बारके किडे लागतात. त्यानं धरले एकेक करून. ओंजळीत. मी नुसती पेटी धरली. म्हणाला, तू दे जाऊन पोरीला, शिवडीचे म्हणून सांग, मी दिले तर विचारील कुठनं आणले."

गुणवंतीनं भिंतीला पाठ टेकली. "दत्तूकाकांच्या दाराला डांबर फासलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"गॅलरीत."

"मग?"

"उभा होतो," बाबा म्हणाले.

तिनं पर्समधून चिठ्ठ्यांचा कार्ड कागद काढला, बारीक निबाचं पेन काढलं. सोपं होतं खरं म्हणजे. शिवडी आधीच लिहिलेलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. सोमवारी लेख गेला असता, छापून आला असता, लालबागेत तो कुणी वाचला नसता; रघूनं बापाच्या पाठीवर हात ठेवला असता; आणि साडेतीन मिलिमीटरचा तो जीव जन्मभर खोट्या पत्त्यावर राहिला असता. ती दाराकडं वळली तसा बाबांनी पुढं येऊन तिचा दंड धरला. "गुणा. रघू हाय बाहेर. त्याला कळलं तर तो मला..." तिला त्यांची दया आली आणि ती दया आल्याचाही संताप आला. दंड सोडवून ती बाहेर पडली.

डांबराचं दार अर्धं उघडं होतं. तीन महिन्यांनी ती त्या उंबऱ्याशी उभी होती. दत्तूकाका आत खाटेवर बसून कसली तरी दोरी सोडवत होते. बकुळा उठून दारात आली आणि तिथंच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. गुणवंतीला वाटेत चार वाक्यं सुचली होती, माफी मागायची. त्यातलं एकही आलं नाही. ती म्हणाली, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा. किडा तुम्ही धरलात. मला ते लिहावं लागेल, ठिकाणासकट."

दत्तूकाकांनी दोरी बाजूला ठेवली. सगळं कळलं त्यांना, ती कुणाशी बोलून आलीय तेही. "शिवडीच लिही गो," ते शांतपणे म्हणाले. "माझं काय, माझं दारावरच लिवलंय सगळ्यांनी. धोंडूचं झाकलंय तर ऱ्हाऊ दे झाकलेलं. रघूचा सोभाव तुला ठाऊक हाय. बाप हाय तो तुझा."

"आमच्या दारावर लिहिलंय तेच पुरे नाही का, असं म्हणायचंय त्यांना," बकुळा म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखाच होता, फक्त त्यात गुणवंतीसाठी जागा नव्हती. "नाव सांगते मी. दत्ताराम विठू घाग. लिही. गिरणीचं नाव लिही. काडेपेटी कुणी धरली होती त्याचंही लिही, ते पण नाव लागतं ना? तूच शिकवलंस मला, धरणारे दोन असले तर दोघांची नावं. आणि लिहून झालं की इथं गॅलरीत उभी राहून वाच. मोठ्यानं. इंग्रजीत नको, मराठीत वाच."

"बकुळे," दत्तूकाका म्हणाले.

"तिनं तिळगूळ वाटला तो गॅलरीतच वाटला, बाबा."

गुणवंतीनं कठड्यावर कार्ड ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शाई एका ठिकाणी फुटली. संध्याकाळ होती, दारं सगळी उघडी, कुणी तांदूळ धुवत होतं, कुणाच्या खोलीत पाढे चालले होते. टोकाच्या नळावरून रघू भरलेली बादली घेऊन निघाला होता. बाबा त्यांच्या दारात उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, नको म्हणून की वाच म्हणून ते तिला कळलं नाही आणि ते विचारत बसायची तिची तयारीही नव्हती. ती सगळ्यांवर चिडलेली होती. बाबांवर, आईच्या भजनावर, बाईंच्या त्या एका प्रश्नावर, आत घेऊन जाणाऱ्या पडदे लावलेल्या गाडीवर, एवढं सोसून गप्प बसलेल्या दत्तूकाकांवर, आणि ताट घेऊन पुढं गेलेल्या त्या मुलीवर सगळ्यांत जास्त. तो राग तिच्या आवाजात उतरला असावा, कारण तिनं तोंड उघडल्याबरोबर पाढे थांबले.

"नवीन जात," ती वाचायला लागली. "सापडल्याचं ठिकाण, पद्मनाभ मिल, परळ. कापसाच्या गोदामामागे, कपाशीच्या रोपांवर. बारा ऑक्टोबर एकोणीसशे ब्याऐंशी. गोळा करणारे, दत्ताराम विठू घाग," आणि तिथं ती थांबली.

"पुढं," बकुळा म्हणाली.

"आणि धोंडू भिवा गोताड."

रघूनं बादली खाली ठेवली. त्यानं बहिणीकडे न बघता, डांबराच्या दाराकडे बघत विचारलं, "तारीख काय म्हणालीस?"

गुणवंती पुन्हा वाचणार तोच बाबा दारातून पुढं आले, गॅलरीच्या मधोमध.

"बारा ऑक्टोबर," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधीची."